मे महिन्यात भिंत ओली कशी झाली?

वाचकाचं पत्र :

"आम्ही जुळे सोलापुरात राहतो. बैठं घर आहे, वर स्लॅब. झोपायच्या खोलीत उत्तरेच्या भिंतीला कपाटामागे मे महिन्यात काळे ठिपके दिसले. ब्लीचच्या पाण्याने पुसले, तीन आठवड्यांत परत आले. पुन्हा पुसले, पुन्हा आले. आता वरच्या कोपऱ्यात पिवळट डाग पडलाय, तिथली पुट्टी फुगून पोपडे सुटताहेत. कपाटाच्या खालच्या खणात लग्नात आईने दिलेल्या चादरी होत्या, त्यांना कुबट वास लागलाय. सासूबाई याच खोलीत झोपतात. त्यांना दमा आहे, साखरही आहे. उकाडा सोसत नाही म्हणून उन्हाळाभर रात्री खिडकी लावून कूलर चालू असतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, कोरोनात आली होती ती काळी बुरशी हीच. तेव्हापासून माझी झोप उडालीय. पेंटर म्हणतो, खरवडून वॉटरप्रूफ पुट्टी आणि ओल अडवणारा रंग मारतो, बावीस हजार होतील, दिवाळीआधी उरकून टाका. मिस्टरांनाही तेच पटतंय. तुम्ही सांगा काय करू. आज पाण्याचा दिवस आहे, गच्चीवरच्या टाक्या भरेपर्यंत मोटार चालू आहे, तेवढ्यात हे लिहून काढलं."

ताई,

भिंतीचं नंतर बघू. आधी आज संध्याकाळी सासूबाईंचा पलंग त्या खोलीतून बाहेर काढा. बैठकीत टाका, गैरसोय झाली तरी चालेल. बुरशीचे बारीक कण हवेत उडतात आणि दम्याच्या माणसाला त्यांनी धाप लागू शकते. एरवी ठणठणीत माणसाला कदाचित नुसत्या शिंका येतील, पण सासूबाईंच्या बाबतीत ती जोखीम घ्यायची नाही. गेल्या दोन-तीन महिन्यांत त्यांना दम्याचा पंप जास्त वेळा लागतोय का, रात्री खोकला वाढलाय का, हे आठवून बघा. तसं असेल तर डॉक्टरांना दम्याबरोबर भिंतीचंही सांगा. डॉक्टर भिंतीबद्दल विचारत नाहीत आणि आपणही सांगत नाही, असं फार घरांत होतं.

आता काकूंनी घातलेली भीती. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ज्याला सगळे 'काळी बुरशी' म्हणत होते, तो म्युकरमायकोसिस नावाचा आजार. तो झालेल्यांत साखर ताब्यात नसलेले आणि कोरोनावर स्टेरॉइड घेतलेले रुग्ण खूप होते. त्यात 'काळी' हा शब्द आला तो आजाराने मेलेला शरीराचा भाग काळा पडतो म्हणून, भिंतीच्या रंगावरून नव्हे. त्या बुरशीचे कण मातीत, सडक्या पाल्यात, हवेत सगळीकडे असतात आणि तो आजार एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. घरातल्या ओल्या भिंतीवर जे काळे-हिरवे ठिपके येतात ते बहुतेक वेळा दुसऱ्याच, रोजच्या बुरशींचे असतात. नुसता रंग बघून कोणती बुरशी किती वाईट हे ओळखता येत नाही. म्हणून भिंतीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायच्या भानगडीतही पडू नका. बुरशी कोणतीही निघाली तरी करायचं काम एकच आहे. फक्त सासूबाईंची साखर ताब्यात ठेवा आणि भिंत घासायच्या दिवशी त्यांना घरातच ठेवू नका. लेकीकडे, शेजारी, कुठेही पाठवा. काकूंना माझा निरोप द्या की काळजीपोटी बोललात हे कळतं, पण आजार तो नव्हे.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते एकच वाक्य. ठिपके मे महिन्यात दिसले. ताई, मे महिन्यात सोलापुरात पाऊस कुठला? वळवाची एखादी सर पडते तेवढीच. आपल्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरही पाऊस होत नाही आणि जो होतो त्यातला सगळ्यात जास्त सप्टेंबरात. मुंबईत दोन हजारांच्या वर पडतो. तिथे भिंतीला बुरशी आली तर माणूस आभाळाकडे बघतो. इथे मे महिन्यात पारा बेचाळीसवर गेलेला असतो, ओठ फुटतात, दोरीवरचा कपडा तासाभरात कडक होतो. अशा दिवसांत भिंतीवर बुरशी येते म्हणजे तिला कोणीतरी घरातूनच पाणी पाजतंय.

बुरशीचं बी सगळ्या घरांत असतं, माझ्याही घरात आहे. हवेतून येतं, भिंतीवर बसतं आणि कोरडं असेल तर नुसतं पडून राहतं. भिंतीवरची धूळ, रंगातलं चिकट द्रव्य, कपाटाच्या मागच्या प्लायचं लाकूड, एवढं खाणं त्याला पुरतं. अडतं ते पाण्यावाचून. ओल मिळाली की दोन-तीन दिवसांत ते रुजायला लागतं. तुम्ही ब्लीच मारलं तेव्हा वर दिसणारी बुरशी गेली, पाणी येत राहिलं, म्हणून ती परत आली. यात तुमचं काही चुकलं नाही. पण तिसऱ्यांदा तेच करू नका.

माझा अंदाज असा की तुमच्या भिंतीला दोन वेगवेगळी पाणी लागताहेत. एक वरच्या कोपऱ्यातलं आणि दुसरं कपाटामागचं. दोन्हींचा उपाय वेगळा आहे, म्हणून एकेक घेते.

कपाटामागचं आधी, कारण ते सोपं आहे. कूलर हवा गार करतो ती पाण्याची वाफ करून. सकाळी कूलरच्या टाकीत तुम्ही किती बादल्या ओतता ते आठवा. तेवढं पाणी रात्रीतून खोलीच्या हवेत गेलेलं असतं. समोरची खिडकी किंवा दार उघडं असेल तर ती ओली हवा बाहेर निघून जाते. तुम्ही गारवा टिकावा म्हणून खिडकी लावून घेता, तेव्हा ती आतच राहते आणि खोलीतली सगळ्यात थंड, सगळ्यात कोंदट जागा शोधते. उत्तरेच्या भिंतीला वर्षातला बराच काळ ऊन लागत नाही, त्यात तिला कपाट चिकटून उभं आहे. मागे वारा फिरत नाही. तिथेच ओल धरणार. कूलर हा कोरड्या हवेसाठी आहे आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात त्यासारखी दुसरी सोय नाही, तेव्हा तो बंद करा असं मी म्हणणार नाही. कूलर खिडकीबाहेर बसवा, किंवा निदान त्याच्यासमोरचं दार-खिडकी वीतभर उघडी ठेवा. त्याने गारवा कमी न होता उलट वाढतो, हे एक रात्र करून बघा. पाऊस सुरू झाला की मात्र कूलर बंदच. तेव्हा हवेतच ओल असते, कूलर नुसता दमटपणा वाढवतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. आणि पावसाळ्यात त्या खोलीत दोरी बांधून कपडे वाळवत असाल, तर तेही थांबवा.

आता वरचा कोपरा. पिवळट डाग आणि फुगलेली पुट्टी हे हवेतल्या ओलीचं काम वाटत नाही. तिथे पाणी भिंतीच्या आतून येतंय. तुम्ही स्वतःच लिहिलंय की टाक्या भरेपर्यंत मोटार चालू ठेवून पत्र लिहिलंत. टाकी भरली हे तुम्हाला कसं कळतं? बहुतेक घरांत ते पाणी सांडल्याचा आवाज आला की कळतं. चार-पाच दिवसांनी पाणी येणार म्हटल्यावर थेंब न् थेंब भरून घ्यायचा, हे मला माहीत आहे. घागरी, पिंपं, हौद, टाक्या, सगळं काठोकाठ. त्यात टाकी वाहिली तरी जीव हळहळतो तो पाणी वाया गेलं म्हणून. ते सांडलेलं पाणी गेलं कुठे, याकडे लक्ष जात नाही. ओव्हरफ्लोचा पाईप जर टाकीच्या बुडाशीच संपत असेल आणि तिथे गच्चीला उतार नसेल, तर ते पाणी कठड्याच्या कडेने साचतं, भेगेतून स्लॅबमध्ये शिरतं आणि खालच्या खोलीच्या कोपऱ्यात उतरतं. चार दिवसांनी पुन्हा तेच. अशी भिंत वर्षभर वाळत नाही.

पण हा माझा अंदाज, पत्रावरून केलेला. तो खरा आहे का हे तुम्ही आठ-दहा दिवसांत घरच्या घरी तपासू शकता, आणि तपासल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ काढा. रेघेवर तारीख लिहा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज दोनच गोष्टी टिपा : आज पाणी आलं का, आज पाऊस पडला का. डाग रेघेच्या बाहेर गेला किंवा गडद झाला की तेही लिहा. पाण्याच्या दिवसानंतर एक-दोन दिवसांनी डाग गडद होत असेल, तर टाकी सांडते आहे. पाऊस पडल्यावर होत असेल, तर स्लॅबला किंवा कठड्याला भेग आहे. रोजच सारखा ओला असेल, तर भिंतीतून जाणारा पाईप गळतोय. तो तपासायला रात्री झोपताना टाकीत काठी बुडवून पाणी किती आहे ते बघा, सगळे नळ बंद करा आणि पहाटे कोणी उठायच्या आत पुन्हा काठी बुडवा. रात्रीत पाणी कमी झालं असेल तर ते कुठेतरी गेलंय. त्यात संडासच्या फ्लशची गळतीही निघू शकते, तीही बघून घ्या.

कपाटामागच्या जागेसाठी आणखी एक छोटी परीक्षा आहे. हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा जाड कागद घ्या आणि चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा. दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, दव धरलं असेल तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला धरलं असेल तर ते खोलीच्या हवेतलं. यावरून माझा कूलरचा अंदाज चुकला की बरोबर, तेही कळेल.

एक खात्री करून घ्या. पांढरं, कापसासारखं, बोटाने चोळलं की मिठासारखं भुरभुरतं ते बुरशी नसते, भिंतीतून फुटलेला क्षार असतो. जुनी माणसं त्याला लोणा म्हणतात. त्यावर पाणी शिंपडलं तर तो विरघळतो. काळे ठिपके बुरशीचे आहेत की देवघराच्या उदबत्तीची काजळी, असा प्रश्न पडला तर ब्लीचच्या पाण्याचा एक थेंब लावून बघा. बुरशी मिनिटा-दोन मिनिटांत फिकी पडते, काजळी तशीच राहते. तुमच्या कोपऱ्यात पोपड्यांखाली लोणा असण्याची शक्यता आहे. तो फक्त कोरड्या ब्रशने झाडून घ्यायचा, पाण्याने धुवायचा नाही, नाहीतर पुन्हा भिंतीतच जिरतो.

पेंटरबद्दल बोलते. तो फसवतोय असं मला वाटत नाही. त्याला रंग येतो, म्हणून तो रंगाचा उपाय सांगतो. पण पाणी ज्या बाजूने येतं त्याच बाजूने अडवायचं असतं. वरून किंवा बाहेरून येणारं पाणी आतल्या रंगाने अडत नाही. आत घट्ट थर दिला की ते त्याच्या मागे साचतं, आणि वर्ष-दीड वर्षात थराला फोड येतात किंवा पाणी बाजूच्या कोरड्या भिंतीतून वाट काढतं. मी हे स्वतःच्या घरात केलेलं आहे. घरात लग्न होतं, पाहुणे येणार होते आणि भिंतीवरचा डाग डोळ्यांना खुपत होता. कोणाला काही न विचारता मी त्यावर पुट्टी आणि भारीतला रंग मारून घेतला. लग्नात भिंत सुरेख दिसली. पुढच्या दसऱ्याला त्या जागेचा रंग भाकरीच्या पापुद्र्यासारखा हातात आला आणि मागे आधीच्या दुप्पट काळं झालं होतं. तिथे ठेवलेल्या पेटीतली आजीची पुस्तकं गेली. ते आठवलं की आजही वाईट वाटतं, म्हणून तुम्हाला इतकं कळकळीने सांगतेय.

त्या आजीच्या घराची आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. आमचं गावाकडचं घर माळवदाचं होतं. लाकडाच्या तुळया, वर फळ्या-काटक्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दरवर्षी मृग लागायच्या आत आजोबा माळवदावर चढायचे. उगवलेलं गवत उपटायचे, घुशींनी केलेली बिळं बुजवायचे, नवी पांढरी माती टाकून ती चोपायचे, पन्हाळ मोकळे करायचे. पाणी पन्हाळाकडेच धावेल असा उतार ते पायाने चाचपून बघायचे. मातीचं छप्पर असून आमच्या भिंती कोरड्या होत्या. स्लॅब आला आणि आपण गच्चीवर जायचं सोडलं, गेलो तर वाळवणं घालायला किंवा टाकीत डोकवायला. स्लॅबलाही त्याच देखभालीची गरज आहे, फक्त ती मागताना तो आवाज करत नाही.

तेव्हा या रविवारी मिस्टरांना घेऊन वर जा. टाकीभोवती हिरवं शेवाळ किंवा शेवाळ वाळून काळा पडलेला पट्टा कुठवर गेलाय बघा. तो पट्टा म्हणजेच सांडलेल्या पाण्याची वाट. ती तुमच्या कोपऱ्यावर येते का, हे पावलांनी मोजून बघा. एक बादलीभर पाणी, भांडी धुतलेलं चालेल, टाकीपाशी ओता आणि ते पन्हाळाकडे जातं की कठड्याकडे ते पाहा. पन्हाळात पाला, पतंगाचा मांजा, चेंडू, काय काय अडकलेलं असतं. कठडा आणि गच्ची जिथे जुळतात त्या सांध्यात नख जाईल एवढी भेग असेल तरी पाण्याला ती पुरते.

बहुतेक वेळा इथली दुरुस्ती पेंटरच्या बावीस हजारांच्या मानाने फार लहान निघते. टाकी भरली की मोटारीचं बटण आपोआप बंद करणारी सोय मिळते, ती बसवा. नाहीतर निदान टाकी भरल्यावर वाजणारी घंटी. ओव्हरफ्लोचा पाईप वाढवून थेट पन्हाळाच्या तोंडापर्यंत न्या. त्याहून चांगलं म्हणजे तो खालच्या हौदात किंवा पिंपात सोडा, पाणीही वाचेल. खालून थेट नळाच्या दाबाने टाकी भरत असेल तर बॉल कॉक बदला. कठड्याच्या सांध्यातली भेग गवंड्याकडून खरवडून साफ करून घ्या आणि तिथे सिमेंटचा गोलसर भराव करून घ्या, पाणी कोपऱ्यात थांबणार नाही. पूर्ण गच्चीला नवा कोबा करायचा सल्ला कोणी दिला तर लगेच हो म्हणू नका. आधी हे करा, एक सप्टेंबर जाऊ द्या. परतीचा पाऊसच तुम्हाला सांगेल की भेग आणखी कुठे आहे का.

भिंत साफ करायचं काम पाण्याची वाट बंद झाल्यावर. पण तुमच्याकडे वास येतोय आणि पावसाळा चालू आहे, तेव्हा एकदा आत्ता साफ करून घ्या, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा एकदा करायची तयारी ठेवा. काळी जागा तीन फूट बाय तीन फुटांच्या आसपास असेल तर घरच्या धडधाकट माणसाने करायला हरकत नाही. तुम्हाला स्वतःला दमा किंवा ॲलर्जी असेल तर मिस्टरांना करू द्या. भिंतभर पसरलं असेल, किंवा बोटांच्या पेरांनी वाजवल्यावर गिलावा पोकळ बोलत असेल, तर गवंडी बोलवा. पोकळ गिलावा काढूनच टाकावा लागतो.

खोलीतलं अंथरूण-पांघरूण, कपडे बाहेर काढा. हलत नाही त्यावर जुनं प्लास्टिक टाका. आतलं दार लावा, खिडकी उघडा आणि पंखा बंद ठेवा. छताचा पंखा चालू ठेवून बुरशी घासली की ती सगळ्या घरात पसरते, हे विसरू नका. एन-९५ मास्क लावा, ओढणी किंवा रुमाल कामाचा नाही. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा. आणि कोरडी बुरशी खराट्याने झाडायची नाही, खरवडायची नाही. आधी फवाऱ्याने भिंत ओली करून घ्या, कण उडणार नाहीत. मग कोमट पाण्यात कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचं लिक्विड कालवून ब्रशने घासा. फडक्याने पुसा, फडकं दुसऱ्या बादलीत पिळा, पुन्हा घासा. शेवटी स्वच्छ पाण्याच्या फडक्याने पुसून घ्या. पोपडे ओले असतानाच पत्र्याच्या पट्टीने काढा, पिशवीत भरा, तोंड बांधा आणि लगेच घंटागाडीत टाका. फडकीही त्यातच.

शाबूत असलेली, रंग धरलेली गुळगुळीत भिंत असेल तर साबणाचं पाणी पुरतं. ब्लीचशिवाय बुरशी जात नाही हा समज खरा नाही. ब्लीचने डाग फिके पडतात, पण गिलाव्याच्या आत ते फारसं उतरत नाही. तरी वापरायचंच असेल तर चार लिटर पाण्यात पाव लिटरपेक्षा जास्त नको, खिडक्या सताड उघड्या, आणि कपाटातल्या चादरी लांब, नाहीतर रंग उडेल. आता जे सांगते ते घरातल्या सगळ्यांना सांगा. ब्लीच किंवा ब्लिचिंग पावडर कधीही संडास-फरशी धुवायच्या ॲसिडमध्ये, व्हिनेगरमध्ये किंवा अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरमध्ये मिसळू नका. एकामागोमाग एक ओतूही नका. त्यातून विषारी वायू निघतो, बंद खोलीत माणूस गुदमरतो, आणि दम्याच्या माणसाला तर तो क्षणात भोवतो. "दोन्ही मिसळलं की जोर वाढतो" असं सांगणारे कामवाले, दुकानदार सगळीकडे भेटतात. ऐकू नका. ॲसिड तर भिंतीला लावूच नका, ते सिमेंट आणि चुना दोन्ही खातं.

साफ झाल्यावर खोलीला वारा द्या. आता पंखा लावायला हरकत नाही. कपाटाची मागची फळी प्लायची असेल, फुगलेली असेल, तर ती काढून टाका आणि नवी बसवा. फुगलेल्या प्लायच्या पोटात गेलेली बुरशी कितीही पुसली तरी निघत नाही. जिथे पुट्टी निघाली तिथे गिलावा उघडाच ठेवा. हे मिस्टरांना पटवणं तुम्हाला जड जाणार आहे, कारण दिवाळी तोंडावर असेल आणि भिंत बोडकी दिसेल. पण ओला गिलावा वाळायला आठवडे लागतात, कधी महिनेही. आपलं गाव यात आपल्या बाजूने आहे. परतीचा पाऊस सरला की ऑक्टोबरचं कडक ऊन पडतं, हवा कोरडी होते. रोज दुपारी खिडक्या उघड्या टाका. तुमची पेन्सिलीची रेघ महिनाभर जागची हलली नाही, भिंतीला तळहात लावला तर थंड-दमट लागली नाही आणि प्लास्टिकच्या कागदाखाली दव धरलं नाही, की भिंत वाळली असं समजा.

दिवाळीला भिंत अगदीच उघडी नको असेल तर उघड्या गिलाव्यावर भिजवलेल्या चुन्याचे दोन हात मारा. चुन्यातून भिंत वाळत राहते, आणि चुन्याच्या तीव्रतेमुळे बुरशीला तिथे सहज पाय रोवता येत नाही. खर्चही नगण्य. फक्त तो प्लास्टिक पेंटवर धरत नाही, त्याला मोकळा गिलावाच लागतो. मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच, चुना डोळ्यात गेला तर इजा होते. रंगाचं काम संक्रांतीनंतर, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकल्यावर काढा. तेव्हा भिंत सगळ्यात कोरडी असते, आणि पेंटरलाही दिवाळीसारखी घाई नसते, तो काम निगुतीने करेल. त्याला आत्ताच तसं सांगून ठेवा, नाराज होणार नाही.

आणि आईच्या चादरी. पत्रात तुम्ही त्यांचा उल्लेख एका ओळीत उरकलात, पण त्या ओळीवर माझं मन अडकलं. त्या टाकून देऊ नका. सोलापुरी चादर सुती असते, दणकट असते, तिला धुण्याचं भय नाही. आधी अंगणात नेऊन झटका, घरात नको. मग रंग कच्चा नाही हे एका कोपऱ्यावर बघून, सोसेल तेवढ्या गरम पाण्यात पावडर घालून तासभर भिजवा, धुवा, आणि दोन्ही बाजूंनी कडक ऊन द्या. एका धुण्यात वास गेला नाही तर पुन्हा धुवा. घडी घालायच्या आधी कडेची जाड किनार दोन बोटांत धरून बघा, ती सगळ्यात शेवटी वाळते. प्लास्टिकच्या पिशवीत भरू नका आणि भिंत वाळेपर्यंत त्या कपाटातही ठेवू नका. वास पूर्ण गेला की तुमच्याच पलंगावर अंथरा. सासूबाईंच्या मात्र इतक्यात नको, त्यांना खोकला असेल तर तो आधी निवळू द्या.